गाठ शेपटाला की डोक्याला?

"पाऊस पडल्यावर पेरणी सुरू केली." धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही कोरडवाहू गावात मृगानंतर हे वाक्य कानावर पडतंच. आता हेच वाक्य इंग्रजीत सांगायचं आहे. मराठी माध्यमातला मुलगा डावीकडून एकेक शब्द उचलत जातो. पाऊस म्हणजे रेन, पडला म्हणजे केम, वर म्हणजे आफ्टर, पेरणी सुरू केली म्हणजे वी स्टार्टेड सोइंग. वाक्य तयार होतं: "रेन केम आफ्टर वी स्टार्टेड सोइंग." शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर. अर्थ मात्र उलटा. इंग्रजी वाचणाऱ्याला कळतं ते असं की, आधी पेरणी झाली आणि मग पाऊस आला.

म्हणजे धूळपेरणी. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला या दोन गोष्टींतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ओलीवर पेरणं वेगळं आणि आभाळाच्या भरवशावर कोरड्यात बी टाकणं वेगळं. दुसऱ्यात पाऊस वेळेवर आला तर पीक चार दिवस पुढे, नाही आला तर बियाणं मातीत आणि दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर. इंग्रजीच्या वहीत मात्र हा फरक एका शब्दाच्या जागेवर ठरला आणि मुलाला त्याचा पत्ताही लागला नाही.

चूक नेमकी कुठे झाली? मराठीतलं 'वर' हे मागच्या शब्दाला चिकटतं. 'पडल्यावर' म्हटलं की पावसाचा भाग बांधला गेला. इंग्रजीतलं 'आफ्टर' पुढच्या शब्दांना बांधतं. ते 'वी स्टार्टेड सोइंग'च्या डोक्यावर बसलं, म्हणून पेरणीचा भाग बांधला गेला आणि पाऊस मोकळा राहिला. बरोबर वाक्यात 'आफ्टर' पावसाच्या आधी यायला हवं होतं: "आफ्टर द रेन केम, वी स्टार्टेड सोइंग." एक भाषा गाठ शेपटाला मारते, दुसरी डोक्याला. इंग्रजी व्याकरणात 'इंडिपेंडंट क्लॉज' आणि 'डिपेंडंट क्लॉज' या नावांनी जे प्रकरण येतं, त्यातला मराठी विद्यार्थ्याचा बहुतेक गोंधळ या एका गोष्टीतून निघतो. पुढच्या पाठांतही हाच धागा धरलेला आहे.

आधी नावांचा गुंता सोडवायला हवा, कारण एकाच वस्तूला इथे तीन-चार नावं आहेत. जुन्या इंग्रजी व्याकरणांत 'प्रिन्सिपल क्लॉज' आणि 'सबऑर्डिनेट क्लॉज' असे शब्द भेटतात. शाळेत 'मेन क्लॉज' रुळलेलं आहे. स्पर्धा परीक्षेच्या नव्या पुस्तकांत 'इंडिपेंडंट' आणि 'डिपेंडंट' असतं. मराठी व्याकरणाच्या तासाला हीच मंडळी मुख्य वाक्य आणि गौण वाक्य होऊन येतात. गौण वाक्याला पोटवाक्य असंही म्हणतात. एकच मुख्य विधान असलेलं ते केवल वाक्य, मुख्य वाक्याच्या पोटात गौण वाक्य असलेलं ते मिश्र वाक्य आणि दोन बरोबरीची वाक्यं जोडलेली असतील तर ते संयुक्त वाक्य. दहावीचा मुलगा हे सगळं मराठीच्या तासाला पाठ करतो आणि पुढच्या तासाला इंग्रजीत तेच नव्यानं, जणू कधी ऐकलंच नव्हतं असं शिकतो.

हा सारखेपणा योगायोगानं आलेला नाही. विल्यम कॅरी यांचं मराठीचं इंग्रजीतलं व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली आलं. दादोबांना पुढे मराठीचे पाणिनी म्हटलं गेलं. पण त्यांच्या आणि त्यांच्या नंतरच्या व्याकरणकारांच्या समोर संस्कृतबरोबर इंग्रजी व्याकरणाचाही आराखडा होता. मोरो केशव दामल्यांनी १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या साऱ्याची कसून उलटतपासणी केली. तोवर शाळेतल्या व्याकरणाची मांडणी बरीचशी ठरून गेली होती. थोडक्यात, मुख्य आणि गौण वाक्यांची ही चौकट मराठी मुलाला घरची वाटते, पण तिचं बरंच लाकूड इंग्रजी वखारीतलं आहे.

ज्या खुणांनी ही वाक्यं कागदावर वेगळी दिसतात, त्या खुणांचंही तेच. मोडीतल्या जुन्या कागदांत स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, दोन शब्दांमध्ये धड जागाही नाही. वाक्य कुठे संपलं ते वाचणाऱ्यानं क्रियापदावरून ओळखायचं. आजची विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थ यांच्याबरोबर मराठी-इंग्रजी कोशावर काम केलेले तेच हे कँडी.

मोडी वाचणाऱ्याची ही युक्ती विसरण्यासारखी नाही. वाक्य ओळखायचं ते क्रियापदावरून. क्लॉजची ओळखही तीच आहे. ज्या शब्दसमूहात कर्ता आहे आणि काळ दाखवणारं पूर्ण क्रियापद आहे, तो क्लॉज. तो एकटा उभा राहिला तर इंडिपेंडंट. डोक्यावर 'व्हेन', 'इफ', 'बिकॉज', 'दो', 'दॅट', 'हू', 'व्हिच' यांपैकी काही बसलं असेल आणि त्यामुळे दुसऱ्याच्या आधाराची गरज पडत असेल तर डिपेंडंट. "द बस केम" एकटं उभं राहतं. "व्हेन द बस केम" म्हटलं की ऐकणारा पुढचं ऐकायला थांबतो. एका 'व्हेन'नं धड वाक्याला लंगडं केलं.

ही कसोटी बहुतेक ठिकाणी चालते, पण सगळीकडे नाही, आणि हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. "आय नो दॅट द बस इज लेट" या वाक्यातून 'दॅट'चा भाग काढला तर उरतं "आय नो". ते काही स्वतंत्र उभं राहिलेलं वाटत नाही; काय माहीत आहे, ते कळत नाही. इथलं गौण वाक्य हे मुख्य वाक्याचं कर्मच आहे. नामवाक्यांच्या बाबतीत असं नेहमी होतं. तिथे 'एकटं उभं राहतं का' असं विचारण्यापेक्षा 'गाठ कशाच्या डोक्यावर आहे' हे पाहिलं की उत्तर लवकर सापडतं.

आता पुन्हा पहिल्या वाक्याकडे. "पाऊस पडल्यावर पेरणी सुरू केली" यात मराठी व्याकरणाच्या हिशेबानं वाक्यं किती? एकच. 'पडल्यावर' हे धातूपासून झालेलं आहे, पण पूर्ण क्रियापद नाही. पूर्ण क्रियापद एकच, 'केली'. म्हणून हे केवल वाक्य. त्याचं इंग्रजी रूप "आफ्टर द रेन केम, वी स्टार्टेड सोइंग" यात पूर्ण क्रियापदं दोन, 'केम' आणि 'स्टार्टेड'. म्हणून ते मिश्र वाक्य. घटना तीच, सांगणारा तोच. एका भाषेत वाक्य एक आणि दुसऱ्या भाषेत दोन.

मराठीचा हा स्वभाव ओळखला नाही तर पुढचं काहीच नीट समजत नाही. तुळजापूरला जाऊन आलेला माणूस सांगतो: "पहाटे उठून, कल्लोळ तीर्थावर हातपाय धुऊन, रांगेत उभं राहून, देवीचं दर्शन घेऊन, दुपारच्या गाडीनं गावी परतलो." पाच कामं, पूर्ण क्रियापद एक. उठून, धुऊन, राहून, घेऊन ही सगळी रूपं शेवटच्या 'परतलो'च्या मागे दिंडीसारखी चालतात. इंग्रजीत असं सांगायला गेलं की एकतर 'अँड'ची माळ लावावी लागते किंवा वाक्य तोडून दोन-तीन करावी लागतात. मुलगा ती माळ लावतो, शिक्षक ती लाल शाईनं तोडतात आणि दोघांनाही एकमेकांचं कारण कळत नाही.

हे '-ऊन' एकट्या मराठीचं नाही. कॉलिन मसिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियाच्या भाषांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भारतीय भाषांना एकत्र बांधणाऱ्या मोजक्या लक्षणांमध्ये हे 'करून, जाऊन' प्रकारचं रूप घेतलेलं आहे. हिंदीत 'करके' आहे, कन्नडमध्ये 'माडि' आहे, तेलुगूत 'चेसि' आहे. मूळ घराणी वेगळी, पण वाक्य विणण्याची पद्धत एक.

दुसरीकडे इंग्रजी व्याकरणही या बाबतीत एका मताचं नाही. शाळेतलं व्याकरण पूर्ण क्रियापदाशिवाय क्लॉज मानत नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली काढलेलं मोठं इंग्रजी व्याकरण अपूर्ण क्रियापदाच्या रचनांनाही क्लॉजच म्हणतं. त्या हिशेबानं 'पाऊस पडल्यावर' हेही एक गौण उपवाक्य ठरेल. परीक्षेला बसणाऱ्यानं शाळेचा हिशेब धरावा. पण आपल्या भाषेत गौण वाक्यं कमी आहेत असं समजू नये. ती आहेत, फक्त प्रत्ययात दडलेली आहेत.

धाराशिव जिल्ह्यात या विषयाला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे भाषांचा शेजार. उमरग्याच्या पुढे कर्नाटक सुरू होतो. आठवडी बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी शेजारी शेजारी बसतात. इथला माणूस "तो म्हणाला की मी येतो" असं म्हणण्याऐवजी पुष्कळदा "येतो म्हणून सांगितलं" असं म्हणतो. कन्नड शेजारी म्हणतो, "बर्तीनि अंत हेळिद". तेलुगूत तेच "वस्तानु अनि चेप्पाडु". दखनी बोलणारा या जागी 'बोलके' वापरतो. चारही ठिकाणी आधी बोललेलं वाक्य, मग त्याच्या शेपटाला 'म्हणून'च्या अर्थाची गाठ, आणि शेवटी 'सांगितलं'. शब्द चार भाषांचे, साचा एक.

असं कसं होतं, याचा जगभर गाजलेला अभ्यास महाराष्ट्रातच झालेला आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावातल्या भाषांवर लिहिलेला निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या भाषा तिथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या. घरोघरी शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द लावून दुसऱ्या भाषेत नेता यावं. सीमेवरच्या मुलाला लहानपणापासून ही सोय अंगवळणी पडलेली असते: शब्द बदलले की भाषा बदलते. इंग्रजीच्या दारात ही सोय पहिल्यांदा दगा देते. तिथे शब्दांबरोबर जागाही बदलावी लागते.

या 'म्हणून'ची गंमत व्याकरणाच्या पुस्तकातही दिसते. उभयान्वयी अव्ययांच्या यादीत हा एकच शब्द तीन खणांत सापडतो. "पाऊस लांबला, म्हणून पेरणी रखडली" इथे तो परिणामबोधक, म्हणजे दोन बरोबरीच्या वाक्यांना जोडणारा. "येतो म्हणून सांगितलं" इथे स्वरूपबोधक. "मुलं शिकावीत म्हणून शेत विकलं" इथे उद्देशबोधक. पहिल्या जागी इंग्रजीला 'सो' लागतं, दुसऱ्या जागी 'दॅट' आणि तिसऱ्या जागी 'सो दॅट'. मराठीत 'म्हणून' ही एकच किल्ली तिन्ही कुलपांना चालते. इंग्रजीत जुडगा बाळगावा लागतो.

'कारण'चं प्रकरण याहून सोपं दिसतं, पण फसवं आहे. "उशीर झाला. कारण गाडी उशिरा आली." मराठीत असा पूर्णविराम देऊन 'कारण'नं नवं वाक्य सुरू करायला कुणाची हरकत नसते. इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत "बिकॉज द बस वॉज लेट" एवढंच लिहून पूर्णविराम दिला की ते तुटकं वाक्य ठरतं, कारण 'बिकॉज'नं ते बांधलेलं आहे आणि ज्याला बांधायचं ते पूर्णविरामाच्या पलीकडे राहिलं. उलट "बिकॉज द बस वॉज लेट, आय मिस्ड द क्लास" हे चालतं. मराठीत मात्र "कारण गाडी उशिरा आली, माझा तास बुडाला" असं कुणी म्हणत नाही. कारण आधी सांगायचं असेल तर मराठी माणूस पुन्हा शेपटाकडे वळतो: "गाडी उशिरा आल्यामुळे माझा तास बुडाला."

भाषांचा हा व्यवहार जिल्ह्याला नवा नाही. १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांकडे जे मुलूख गेले, त्यांत नळदुर्गचा प्रदेश होता. तो १८६० साली परत निजामाकडे आला. मधल्या काळात नळदुर्गला कर्नल फिलिप मेडोज टेलर कारभार पाहत होते. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही त्यांची कादंबरी १८३९ सालीच गाजलेली होती. पुढे १८६३ साली त्यांनी 'तारा' लिहिली, तिची नायिका तुळजापूरची. म्हणजे तुळजाभवानीचं देऊळ इंग्रजी कादंबरीत शिरलं ते या जिल्ह्यात पहिली मराठी माध्यमाची दहावीची तुकडी इंग्रजीच्या पेपराला बसण्याच्या कितीतरी आधी. आणि शिरलं तेही त्या काळच्या लांबलचक इंग्रजी वाक्यांतून, जिथे एका मुख्य वाक्याच्या अंगाखांद्यावर चार-चार गौण वाक्यं खेळत असत.

नंतरची जवळजवळ नव्वद वर्षं राज्यकारभाराची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू होती. १९१८ साली हैदराबादला उभं राहिलेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं होतं. मराठी मुलाला मराठीतून शिकवण्यासाठी वेगळी धडपड करावी लागे. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याची १९२१ साली सुरू झालेली राष्ट्रीय शाळा, जिथे स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं, ती याच धडपडीतली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. २०२३ साली जिल्ह्याचं नावही उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्या राजवटींची एक खूण मात्र व्याकरणाच्या पुस्तकात बसून आहे. परिणामबोधक अव्ययांत 'सबब' हा शब्द आजही शिकवला जातो, आणि समुच्चयबोधकांत 'व'. दोन्ही अरबी-फारसी वाटेनं आलेले. सरकारी पत्रात "सबब आपणांस कळविण्यात येते की" असं लिहिणाऱ्या कारकुनाला आपण एका ओळीत दोन वाक्यं आणि तीन संस्कृती जोडल्या हे कुठे ठाऊक असतं!

इंग्रजी शिकवणारी पुस्तकं मात्र दुसऱ्या वाटेनं आली. तर्खडकरांच्या (हे दादोबा नव्हेत, दुसरे तर्खडकर) भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या काही पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिची ताकद अशी की ती मराठी वाक्याजवळ इंग्रजी वाक्य ठेवून शिकवत असे. त्यानंतर जमाना आला रेन आणि मार्टिन यांचा. १९३० च्या दशकात तयार झालेलं त्यांचं शालेय व्याकरण अजून दुकानांत मिळतं. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि परदेशी सैन्यातल्या शिपायांवरची 'बो जेस्ट' ही १९२४ सालची खपाची कादंबरी त्यांचीच. त्यांच्या व्याकरणात क्लॉजची प्रकरणं नीटनेटकी आहेत, पण उदाहरणं भारतीय विद्यार्थ्याच्या घरातली नाहीत आणि शेपूट-डोक्याचा प्रश्न त्यांना पडलेलाच नाही. ज्याच्या भाषेत गाठ डोक्यालाच असते, त्याला तो पडणारही नाही.

मराठी घरातून येणाऱ्या मुलाच्या काही चुका इतक्या ठरावीक आहेत की त्यांची आधीच ओळख करून घेतलेली बरी.

पहिली, दोन गाठींची. "जरी पाऊस कमी झाला तरी तूर तरली." मराठीत 'जरी' आणि 'तरी' ही जोडी लागते. मुलगा लिहितो, "दो द रेन वॉज पुअर, बट द तूर सर्व्हाइव्ह्ड." 'दो'नं पहिल्या वाक्याला गौण केलं आणि 'बट'नं त्याच वाक्याला बरोबरीचा मान दिला. एकाच माणसाला एकाच वेळी सालगडी ठेवायचं आणि बटईनं निम्मा वाटाही द्यायचा, असा तो व्यवहार झाला. दोन्हींतलं एक काढलं की वाक्य सरळ होतं. जुन्या इंग्रजी गद्यात 'दो'च्या जोडीला 'यट' दिसतं, ते चालतं. आणि 'इफ'नंतर 'देन'ही चालतं. नडतो तो 'बट'.

दुसरी, 'मी'ची. भाऊ फोनवर म्हणाला की मी संध्याकाळी येतो. मराठीत हा 'मी' म्हणजे भाऊच, यात कुणाला शंका येत नाही. "माय ब्रदर सेड दॅट आय अ‍ॅम कमिंग" असं लिहिलं की 'आय' म्हणजे लिहिणारा होतो, आणि भावाऐवजी तोच संध्याकाळच्या एसटीत बसतो. इंग्रजीत 'दॅट'च्या पलीकडे गेलं की सर्वनाम आणि काळ दोन्ही सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजायचे: "माय ब्रदर सेड दॅट ही वॉज कमिंग."

तिसरी, प्रश्नाची. "तो कुठे राहतो ते मला माहीत नाही." मुलगा लिहितो, "आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह." मराठीत प्रश्न गौण वाक्यात गेला तरी शब्दांचा क्रम बदलत नाही, म्हणून इंग्रजीतही तो तसाच राहील असं वाटतं. पण 'डज'ची उलटापालट मुख्य प्रश्नापुरतीच असते, पोटवाक्यात शिरताच शब्द सरळ होतात: "आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज."

चौथी, स्वल्पविरामाची. उस्मानाबादी शेळी हे या जिल्ह्याचं नाव देशभर पोचवणारं जनावर. उदाहरण तिचंच घेऊ. "द गोट्स व्हिच वर सिक वर सोल्ड" म्हणजे कळपातल्या ज्या शेळ्या आजारी होत्या तेवढ्याच विकल्या. "द गोट्स, व्हिच वर सिक, वर सोल्ड" म्हणजे सगळ्याच शेळ्या आजारी होत्या आणि सगळ्याच विकल्या गेल्या. दोन स्वल्पविरामांनी गोठा रिकामा केला. मराठीत हा फरक चिन्हावर सोडलेला नसतो. पहिल्यासाठी "ज्या शेळ्या आजारी होत्या त्या विकल्या" ही 'ज्या-त्या'ची जोडी आहे, दुसऱ्यासाठी "शेळ्या आजारी होत्या, त्यामुळे विकल्या". म्हणूनच मराठी मुलगा इंग्रजीतल्या त्या दोन बारीक टिंबशेपट्यांकडे बघत नाही. त्याच्या भाषेनं ते काम शब्दांना दिलेलं आहे.

हे सगळं परीक्षेपुरतं आहे असं वाटू शकतं. धाराशिवच्या शेतकऱ्याला तसं वाटणार नाही. २०२० च्या खरिपात काढणीच्या वेळी झालेल्या पावसानं जिल्ह्यातलं सोयाबीन भिजलं. पीक विमा योजनेत नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट होती. अनेकांना ती वेळेत देता आली नाही आणि भरपाई अडली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे २०२२ मध्ये तिथे शेतकऱ्यांच्या बाजूनं निकाल लागला आणि पुढे वाद सर्वोच्च न्यायालयातही पोचला. तीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांचा प्रश्न होता. कायद्याचे मुद्दे त्यात अनेक होते, पण वाक्याच्या नजरेनं पाहिलं तर रचना शाळेतलीच: भरपाई मिळेल हे मुख्य वाक्य आणि वेळेत कळवलं असेल तर हे गौण वाक्य. पैसा मुख्य वाक्यात होता, भांडण गौण वाक्याचं होतं. करार, अर्ज, नेमणुकीची पत्रं, बँकेची कागदपत्रं यांचा हाच शिरस्ता असतो. जे द्यायचं ते मुख्य वाक्यात ठळक लिहिलेलं असतं आणि कधी द्यायचं नाही ते 'इफ', 'अनलेस' आणि 'प्रोव्हायडेड दॅट'च्या मागे उभं असतं. इंग्रजीतला 'अनलेस' तर आणखी तिरका, कारण त्याच्या पोटात नकार लपलेला असतो. "अनलेस यू साइन" म्हणजे 'तुम्ही सही केली नाही तर'. त्यात आणखी एक 'नॉट' घातला की अर्थ पलटतो.

पुढच्या पाठांचा क्रम यावरूनच लावलेला आहे. आधी पूर्ण क्रियापद शोधण्याचा सराव, मग गाठीचा शब्द शोधण्याचा, मग ती गाठ कुठल्या बाजूला बांधते ते पाहण्याचा. नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य ही वर्गवारी त्यानंतर येते, कारण नाव ठेवण्याआधी माणूस ओळखता यायला हवा. प्रत्येक ठिकाणी मराठी वाक्य वर आणि इंग्रजी वाक्य खाली ठेवलेलं आहे, आणि विद्यार्थ्यानं दोन्हींखाली क्रियापदं मोजायची आहेत. संख्या जुळली नाही तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा जुळणारच नाही.

पहिला सराव ओळखीचाच आहे. "पाऊस पडल्यावर पेरणी सुरू केली" हे तीन प्रकारे इंग्रजीत नेता येतं. "आफ्टर द रेन, वी स्टार्टेड सोइंग" हे केवल, इथे 'आफ्टर'च्या पुढे नुसतं नाम आहे. "आफ्टर द रेन केम, वी स्टार्टेड सोइंग" हे मिश्र, इथे त्याच 'आफ्टर'च्या पुढे कर्ता आणि क्रियापद आलं. "द रेन केम अँड वी स्टार्टेड सोइंग" हे संयुक्त. तिन्हींत आधी पाऊस आहे, मग पेरणी. चौथं वाक्य, धूळपेरणीचं, विद्यार्थ्यानं स्वतः लिहायचं आहे, आणि 'आफ्टर' न वापरता.